किंग्ज हवायन पावाच्या लादीतले स्लॉपी जो स्लायडर : ४२ जणांच्या जेवणानंतरचा अभिप्राय

माझी मुलगी न्यू जर्सीतल्या एका शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. ऑक्टोबर महिन्यात जवळपास प्रत्येक शनिवारी स्पर्धा असते. सकाळी मैदानावर सराव, दुपारी घाईघाईचे जेवण आणि लगेच गणवेश चढवून बसमध्ये बसणे, असा मुलांचा दिवस जातो. ते दुपारचे जेवण पालकांनी आळीपाळीने करायचे असते. या वर्षी माझ्या पाळीला मुले, शिक्षक आणि सोबतीला येणारे पालक मिळून ४२ जण होते. जेवायला टेबल नव्हते, ताटल्या कागदी होत्या आणि हातात वेळ होता जेमतेम पाऊण तास. अशा वेळी एका हातात धरून खाता येईल, गरम राहील आणि अमेरिकन मुलांच्या ओळखीचे असेल, असे काही हवे होते. म्हणून मी ओव्हनमध्ये भाजलेले स्लॉपी जो स्लायडर करायचे ठरवले आणि त्यासाठी किंग्ज हवायन कंपनीच्या मूळ गोड पावाच्या, बारा-बारा नगांच्या आठ लाद्या आणल्या. हा अभिप्राय प्रामुख्याने त्या पावाबद्दल आहे. मात्र या पदार्थात पावाची खरी परीक्षा आतल्या सारणाने होते, त्यामुळे सारण, चीज आणि भाजणी यांच्याबद्दलही मला बरेच सांगायचे आहे.

ज्यांनी हा पदार्थ खाल्लेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्लॉपी जो म्हणजे टोमॅटोच्या आंबटगोड सॉसमध्ये शिजवलेला गोमांसाचा खिमा गोल बनमध्ये भरून केलेले सँडविच. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात, विशेषतः आयोवा राज्यात, सुटा खिमा बनमध्ये घालून खाण्याची पद्धत जुनी आहे. तिथल्या मस्काटीन गावात १९२६ साली सुरू झालेले मेड-राइट हे दुकान त्या सुट्या खिम्याच्या सँडविचसाठीच ओळखले जाते. पुढे त्याच आयोवातल्या सू सिटीमध्ये जो नावाच्या एका स्वयंपाक्याने त्या खिम्यात टोमॅटो सॉस घातला आणि त्याच्यावरून हे नाव पडले, अशी कथा सांगतात. फ्लोरिडातले की वेस्ट आणि क्युबातले हवाना इथल्या ‘स्लॉपी जोज’ नावाच्या मद्यालयांशीही या नावाचा संबंध जोडला जातो. नावाचा उगम काहीही असो, शाळेच्या उपाहारगृहात आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी घरी केला जाणारा हा अगदी साधा, पोटभरीचा पदार्थ आहे. स्लायडर म्हणजे त्याचे लहान रूप. १९२१ साली विचिटा शहरात सुरू झालेल्या व्हाइट कासल या उपाहारगृहांच्या चौकोनी चिमुकल्या बर्गरमुळे हा शब्द अमेरिकेत रुळला.

न्यू जर्सीत राहणाऱ्यांना एक गोष्ट आधी सांगून ठेवणे भाग आहे. आमच्या राज्याच्या उत्तर भागात ‘स्लॉपी जो’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर अगदी वेगळा पदार्थ येतो : राय पिठाच्या पातळ पावाचे तीन थर, त्यांच्यामध्ये दोन प्रकारचे थंड मांस, स्विस चीज, कोलस्लॉ म्हणजे कोबीची कोशिंबीर, आणि रशियन ड्रेसिंग नावाचा मेयोनेझचा आंबटगोड सॉस. साउथ ऑरेंज इथल्या टाउन हॉल डेली या तयार सँडविचच्या दुकानाचे नाव त्यासाठी घेतले जाते. पालकांच्या यादीत मी नुसते ‘स्लॉपी जो’ असे लिहिले, तेव्हा एका पालकांनी मला फोन करून डेलीकडे किती दिवस आधी मागणी नोंदवावी लागते, असे विचारले. मग मी यादीत ‘गरम, खिम्याचे’ असे शब्द वाढवले.

आता पावाकडे वळते. नारिंगी वेष्टनातली ही लादी आपल्याकडच्या लादीपावासारखीच असते. तीन गुणिले चार अशी बारा पावांची एकसंध वडी, प्रत्येक पाव साधारण २८ ग्रॅमचा, वरून तपकिरी आणि चकचकीत, आतून पिवळसर आणि कापसासारखा मऊ. पिठात साखर, लोणी, दूध आणि अंडे असल्यामुळे त्याला ब्रेडपेक्षा केककडे झुकणारा एक हलका सुवास येतो. मला या पावाबद्दल जी आपुलकी वाटते तिला आणखी एक कारण आहे. १८७८ पासून मदेरा आणि अझोर्स बेटांवरचे पोर्तुगीज मजूर हवाई बेटांवर उसाच्या मळ्यांत काम करायला गेले आणि त्यांनी आपला गोड पाव, म्हणजे ‘पाँव दोस’, तिथे नेला. रॉबर्ट टायरा या जपानी वंशाच्या बेकरने १९५० साली हवाईतल्या हिलो गावात बेकरी काढली, पुढे ती होनोलुलूच्या किंग स्ट्रीटवर हलवली आणि त्या रस्त्यावरून पावाला ‘किंग्ज’ हे नाव मिळाले. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या टॉरन्समध्ये कारखाना निघाला आणि तिथून हा पाव अमेरिकेच्या मुख्य भूमीवर सर्वत्र पोहोचला. आपला ‘पाव’ हा शब्दही त्याच पोर्तुगीज ‘पाँव’वरून आलेला आहे. गोव्यातल्या पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, टोपलीतला पाव आणि ही नारिंगी वेष्टनातली लादी एकाच घराण्यातली आहेत, हे मला दुकानाच्या रांगेत उभी असताना नेहमी आठवते.

आणि नेमक्या याच ओळखीमुळे माझा पहिला प्रयत्न फसला. शनिवारच्या दोन आठवडे आधी मी घरच्यांसाठी एक लादी करून पाहिली होती. मांसाचा खिमा, सोबत लादीचा पाव, त्यामुळे माझ्या हाताने नकळत खिमा-पाव केला. आपला खिमा रसदार असतो, कारण पाव वेगळा असतो. आपण पाव तोडतो, रश्श्यात बुडवतो आणि लगेच तोंडात घालतो. पाव रस किती वेळ धरून ठेवेल हा प्रश्नच तिथे येत नाही. स्लायडरमध्ये मात्र तो पाव सारणाच्या खाली वीस मिनिटे ओव्हनमध्ये आणि नंतर निदान अर्धा तास ट्रेमध्ये बसतो. मी ट्रे बाहेर काढून पहिला पाव उचलला, तेव्हा वरचा अर्धा भाग हातात आला आणि खालचा भाग ओल्या लगद्यासारखा ट्रेलाच चिकटून राहिला. दोष पावाचा नव्हता. मी खालचा थर न भाजता, न झाकता त्यावर थेट पातळ सारण ओतले होते. मुलगी म्हणाली, “आई, चव छान आहे, पण हे चमच्याने खावं लागतंय.” मैदानाच्या कडेला उभे राहून खाणाऱ्या मुलांना ते चालण्यासारखे नव्हते.

दुसऱ्या प्रयत्नात मी सगळा विचार उलट्या बाजूने केला. आधी पाव काय सोसू शकतो ते ठरवले आणि त्याला मानवेल असे सारण केले. आमच्या घरी गोमांस शिजत नाही, म्हणून मी टर्कीचा खिमा घेतला. ९९ टक्के चरबीविरहित खिमा या कामासाठी घेऊ नये, तो भुशासारखा कोरडा होतो. मांडीच्या मांसाचा, ८५ किंवा ९३ टक्क्यांचा खिमा चांगला. एका लादीला एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम खिमा नेमका पुरतो. जाड बुडाच्या रुंद कढईत तो मोठ्या आचेवर, न हलवता, खालून तपकिरी होईपर्यंत राहू द्यावा आणि मगच मोडावा. सुरुवातीपासून ढवळत राहिले तर त्याला पाणी सुटते आणि तो भाजला न जाता उकडला जातो. मग एक मध्यम कांदा आणि अर्धी हिरवी ढोबळी मिरची, दोन्ही अगदी बारीक चिरून, दोन लसणाच्या पाकळ्या, आणि ते मऊ झाले की दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट घालून ती दोन मिनिटे परतावी. टोमॅटो पेस्टचा लाल रंग गडद विटकरी झाला की त्यात अर्धा कप केचप, एक मोठा चमचा पिवळी मोहरी, एक मोठा चमचा वुस्टरशर सॉस, एक छोटा चमचा सफरचंदाचा व्हिनेगर, मीठ आणि मिरपूड घालावी.

बहुतेक अमेरिकन पाककृतींमध्ये याच्यावर ब्राऊन शुगरही पडते. ती मी पूर्णपणे वगळली आणि हा या पावाबद्दलचा माझा सर्वांत महत्त्वाचा सल्ला आहे. हा पाव मुळात गोड आहे, केचपमध्ये साखर आहेच, त्यात आणखी साखर पडली तर तिसऱ्या घासाला तोंड गोडाने भरून येते. उलट सारणाचा तोल आंबट, खारट आणि किंचित तिखट बाजूला झुकवला, तर तीच पावाची गोडी फार सुरेख उठून दिसते. चिंचेच्या आमटीत गुळाचा खडा जे काम करतो तेच काम इथे पाव करतो. तिखटाबाबतही एक सूचना आहे. अमेरिकन पाककृतीत ‘चिली पावडर’ असे लिहिलेले असते तेव्हा ती आपली लाल तिखटाची पूड नसते. सौम्य मिरची, जिरे, ओरेगॅनो आणि लसणाची पूड यांचे ते मिश्रण असते. त्यामुळे दोन छोटे चमचे लिहिले आहेत म्हणून कोणी दोन चमचे घरचे तिखट घालू नये. मी दोन चमचे अमेरिकन मिश्रण आणि पाव चमचा काश्मिरी मिरची घातली. गरम मसाला किंवा कांदा-लसूण मसाला घालण्याचा मोह मला झाला होता, तो मी आवरला. त्या मसाल्यांनी हा पदार्थ चविष्ट होईलही, पण तो स्लॉपी जो राहणार नाही, आणि मुले ज्या चवीच्या अपेक्षेने येतात ती चव त्यांना मिळायला हवी.

सारण किती आटवायचे हे मिनिटांवर सांगता येत नाही, कारण कढईची रुंदी आणि आच प्रत्येक घरी वेगळी असते. मी उलथन्याने कढईच्या मधोमध एक रेघ ओढते. रेघेतून कढईचे बूड दिसले पाहिजे आणि दोन्ही काठांवरून पाणी ओघळून रेघ बुजता कामा नये. सुक्या मटणाचा मसाला अंगाला लागतो तितपत सॉस खिम्याला चिकटलेला असावा. या टप्प्यावर सारण नुसते चाखले तर थोडे जास्त दाट आणि थोडे जास्त खमंग वाटते; पावात गेल्यावर ते बरोबर लागते.

पाव कापण्याचे काम सोपे वाटते, पण लादीचा मऊपणा इथे अडचणीचा ठरतो. खोलीच्या तापमानाला असलेली ताजी लादी सुरीखाली दबते आणि कडा वाकड्या होतात. मी प्रत्येक लादी वेष्टनासकट वीस मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवली आणि मग लांब दातेरी सुरीने, वरून तळहाताने हलके धरून, आडवी कापली. पाव एकमेकांपासून सोडवायचे नाहीत. सगळी लादी एखाद्या पुस्तकासारखी दोन पानांत उघडली गेली पाहिजे. आधीच कापलेले स्लायडर बनही बाजारात मिळतात, पण चारपाच डझनांहून जास्त करायचे असतील तर अखंड लादीच सोयीची, कारण ती एका झटक्यात उचलून ट्रेमध्ये ठेवता येते.

खालचा अर्धा भाग कापलेली बाजू वर करून ३५० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे साधारण १७५ अंश सेल्सियसवर, पाच मिनिटे भाजावा. हात फिरवला की पृष्ठभाग कोरडा आणि किंचित खरखरीत लागला पाहिजे. त्यावर प्रोव्होलोन या सहज वितळणाऱ्या इटालियन चीजच्या सहा चकत्या एकमेकींवर थोड्या चढवून पसरायच्या, म्हणजे मध्ये कुठेही पाव उघडा राहत नाही. हा चीजचा थर म्हणजे घराच्या गच्चीवरच्या डांबरासारखा आहे. वरचे पाणी खाली झिरपू न देणे हे त्याचे पहिले काम आणि चव हे दुसरे. मग गरम सारण, त्यावर अर्धा कप किसलेले चेडर, आणि वरचे झाकण. सारण गरमच हवे. फ्रीजमधले थंड सारण भरले तर वीस मिनिटांत पाव करपू लागतो आणि मधला भाग कोमटच राहतो. वरून चार मोठे चमचे वितळलेले लोणी, त्यात थोडी लसणाची पूड आणि सुकी पार्सली मिसळून, ब्रशने लावावे. मी तीळही भुरभुरले; ते लोण्यावर चांगले चिकटतात आणि खमंग लागतात.

भाजताना पहिली पंधरा मिनिटे फॉइल झाकलेली हवी. पावातल्या साखरेमुळे आणि दुधामुळे वरची कातडी साध्या पावापेक्षा खूप लवकर काळवंडते, म्हणून हे झाकण टाळता येत नाही. मात्र फॉइल पावाला टेकू द्यायची नाही, तंबूसारखी उंच ठेवायची, नाहीतर चकाकती साल तिच्याबरोबर निघून येते. शेवटची पाच मिनिटे फॉइल काढून टाकायची. त्या पाच मिनिटांत ओव्हनसमोरून हलू नये. चौथ्या मिनिटाला पाव मधासारखा सोनेरी असतो आणि सहाव्या मिनिटाला गडद तपकिरी झालेला असतो. बाहेर काढल्यावर पाच मिनिटे थांबून, मूळच्या जोडांवरून सुरी फिरवली की बारा स्लायडर सुटे होतात. वितळलेल्या चीजची तार दोन पावांच्या मध्ये ताणली जाते आणि तुटते, तेव्हा ट्रेभोवती उभ्या असलेल्या मुलांचे हात पुढे आलेले असतात.

या पावाची तुलना मी आणखी तीन पावांशी करून पाहिली. पेनसिल्व्हेनियातल्या चेंबर्सबर्ग गावच्या मार्टिन्स कंपनीचे बटाट्याचे डिनर रोल मला फार आवडले. त्यांची गोडी कमी असते, अंग थोडे अधिक घट्ट असते आणि त्यांचा पिवळा रंग काही अंशी हळदीचा असतो. ज्यांना सारण थोडे ओलसर हवे आहे त्यांनी हेच घ्यावेत. एका मोठ्या दुकानाची स्वतःच्या नावाने विकली जाणारी गोड लादीही आणली होती. ती दिसायला हुबेहूब होती, पण कापतानाच तिचे तुकडे पडले आणि भाजल्यावर खालचा भाग सारणाचे वजन पेलू शकला नाही. चौथा प्रयोग आमच्या भागातल्या भारतीय किराणा दुकानातल्या लादीपावाचा होता. त्यात साखर आणि लोणी नसल्यासारखेच असते, त्यामुळे तो रस चांगला धरून ठेवतो, मात्र वीस मिनिटांच्या भाजणीत त्याची साल चिवट होते आणि गार झाल्यावर दाताने तोडावी लागते. तव्यावर लोण्यात शेकून लगेच खायचा असेल तर त्याच्यासारखा पाव नाही. तासभर ट्रेमध्ये राहायचा असेल तर हवाईच्या लादीतले लोणी आणि अंडे तिला मऊ ठेवतात. गर्दीसाठी करायच्या पदार्थात हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि याच एका कारणासाठी मी पुन्हा तीच लादी घेईन.

४२ जणांमध्ये नऊ जण शाकाहारी होते. त्यांच्यासाठी आठपैकी दोन लाद्या मी अख्ख्या मसुराच्या केल्या. मसूर आधी मिठाच्या पाण्यात उघड्या भांड्यात, दाणा अखंड राहील इतपतच शिजवून, पूर्ण निथळून घेतले आणि मग वर सांगितलेल्याच सॉसमध्ये परतले. थोडे दाणे चमच्याने चेपले की सारण आपोआप बांधले जाते. मसुराची लाल डाळ यासाठी चालत नाही, ती विरघळून वरणासारखी होते. इथे तीन गोष्टी फार काळजीपूर्वक पाहाव्या लागतात. वुस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही नावाचे मासे असतात, त्यामुळे शाकाहारी लादीसाठी मी सोया सॉस आणि चिंचेचा कोळ वापरला. चव जवळपास तिथेच पोहोचते. बऱ्याच चीजमध्ये प्राणिज रेनेट, म्हणजे दूध फाडण्यासाठी वासराच्या पोटातून काढलेले विरजण, असते, म्हणून वेष्टनावर शाकाहारी रेनेटचा उल्लेख शोधून घ्यावा. आणि या पावात अंडे असते, हे अंडे न खाणाऱ्यांना आधीच सांगणे आपले कर्तव्य आहे. आमच्यात अंडे न खाणाऱ्या दोन मुली होत्या. त्यांच्यासाठी मी भारतीय दुकानातला पाव आणून, त्याची यादी वाचून, चार स्लायडर वेगळ्या छोट्या ट्रेमध्ये केले आणि त्यावर नावे लिहिली. शाकाहारी ट्रेसाठी चमचे आणि सुरीही वेगळी ठेवली होती.

प्रमाणाचे गणित असे झाले. आठ लाद्यांचे ९६ स्लायडर, वर ते चार. माणशी दोनहून थोडे अधिक. सोबत कोलस्लॉ, सफरचंदाच्या फोडी आणि बटाट्याचे वेफर होते. मोठ्या मुलांनी तीन-तीन खाल्ले, लहानांनी दोन किंवा एकच, आणि शेवटी टर्कीचे पाच आणि मसुराचे दोन उरले. फक्त मोठी मुले असती तर मी माणशी तीन धरले असते. सहा पौंड खिमा एकाच भांड्यात शिजवायला गेलात तर तो कधीच तपकिरी होत नाही. मी दोन-दोन पौंडांचे तीन घाणे केले. हे काम शुक्रवारी रात्री उरकले आणि सारण उथळ ताटांत पसरून गार करून फ्रीजमध्ये ठेवले. खोल पातेल्यात ठेवले तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, आणि मांसाच्या बाबतीत तो धोका पत्करू नये. शनिवारी सकाळी सारण पुन्हा कढईत वाफा येईपर्यंत गरम केले. कोंबडी किंवा टर्कीच्या खिम्याचे आतले तापमान १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ अंश सेल्सियस, झालेच पाहिजे. गोमांसाच्या खिम्यासाठी ते १६० अंश आहे. दहाएक डॉलरचा टोचायचा तापमापक या कामी फार उपयोगी पडतो. भरलेल्या लाद्या मात्र रात्रभर ठेवू नयेत. भरणे आणि भाजणे ही दोन्ही कामे त्याच सकाळी व्हायला हवीत.

घरच्या ओव्हनमध्ये एका १३ गुणिले १८ इंचांच्या चपट्या ट्रेवर दोन लाद्या बसतात आणि दोन कप्प्यांत मिळून चार. अर्ध्या वेळेनंतर वरचा ट्रे खाली आणि खालचा वर केला, तर रंग सारखा येतो. दोन खेपांत आठ लाद्या झाल्या. वापरून फेकायचे ॲल्युमिनियमचे ट्रे हवे असतील तर त्यांच्याखाली एक पक्का ट्रे ठेवावा. ते भरल्यावर उचलताना मधोमध दुमडतात आणि सगळी लादी घसरते. मैदानापर्यंत नेण्यासाठी मी बर्फाची मोठी पेटी वापरली. आदल्या अर्ध्या तासात तिच्यात कढत पाणी भरून ठेवले, निघताना ते ओतून दिले, तळाशी जाड टॉवेल घातला आणि फॉइलमध्ये गुंडाळलेले ट्रे एकावर एक, मध्ये पुठ्ठा घालून रचले. चाळीस मिनिटांनी पेटी उघडली तेव्हा चीज अजून मऊ होते आणि मधल्या स्लायडरचे तापमान १५० अंश फॅरनहाइटच्या वर होते. १४० अंशांच्या खाली गेलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, हा नियम मी मुलांच्या जेवणात कधीच मोडत नाही.

पाऊण तासाच्या त्या जेवणात मी एका गोष्टीकडे लक्ष ठेवून होते : स्लायडरचा खालचा भाग. पांढऱ्या पँटचा गणवेश चढवण्याआधी मुले खात होती आणि कोणाच्या मनगटावरून सॉस ओघळताना मला दिसला नाही. ढोल वाजवणारा एक उंच मुलगा तिसरा स्लायडर हातात घेऊन पाच-सहा मिनिटे मित्राशी बोलत उभा होता. त्याच्या बोटांच्या पकडीत पाव दबला, पण फाटला नाही. मला हवे असलेले उत्तर तिथे मिळाले.

ज्यांना एवढा खटाटोप शक्य नाही त्यांच्यासाठी तयार सॉसचा मार्ग आहेच. मॅनविच नावाचा डबाबंद सॉस १९६९ पासून अमेरिकन घरांत वापरला जातो. एक पौंड भाजलेल्या खिम्यात एक डबा ओतायचा, इतके ते सोपे आहे. ते प्रमाण साध्या बनसाठी आणि लगेच खाण्यासाठी ठरवलेले आहे, म्हणून या लादीसाठी डबा घालून झाल्यावर सारण आणखी दहा मिनिटे तरी आटवावे आणि गोडी कापण्यासाठी चमचाभर मोहरी व थोडे व्हिनेगर घालावे. डब्याऐवजी मी घरचाच सॉस करते, कारण साखर किती घालायची हे माझ्या हातात राहते आणि या पावाबरोबर तेवढे एक सूत्र हातचे सोडून चालत नाही.

उरलेले स्लायडर दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नयेत, त्यात पाव आधी ओला आणि मग रबरासारखा होतो. फॉइलमध्ये गुंडाळून ३२५ अंशांच्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटे ठेवले तर ते जवळपास पहिल्यासारखे होतात. सारण जास्त झाले असेल तर ते पावाशिवाय, सपाट पिशव्यांमध्ये, एका लादीपुरते मोजून गोठवावे. माझ्या फ्रीझरमध्ये अशा दोन पिशव्या आहेत, आणि शेजारी एक नारिंगी लादीही. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी शेवटची स्पर्धा आहे आणि त्या दिवशीच्या पाळीसाठी मी आपणहून नाव दिले आहे.